पंप बिचारा निर्दोष

गिरीज, वसई
ऑगस्टअखेर

प्रिय मित्रा,

मस्कतला निघताना किल्ली माझ्या हातावर ठेवून तू बजावलं होतंस, "महिन्यातून दोनदा तरी फिरव, नाहीतर बसून जाईल." तर तुझी 2003 ची म्हातारी बसली नाही. पण गेले तीन आठवडे कण्हत मात्र होती.

सकाळी स्टार्ट केली की बॉनेटखालून 'ऊंऽऽ' सुरू. स्टिअरिंग फिरवलं की सूर आणखी चढायचा. आपल्या वाडीतल्या विहिरीजवळचं ते अरुंद वळण आठवतं ना? तिथे तर स्टिअरिंग जातं फिरवल्यासारखं ओढावं लागे. पद्मिनीवर गाडी शिकलो ते दिवस आठवले. फक्त तेव्हा आपले खांदे विशीतले होते.

हायवेजवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला. नवा टाका." शेजारी म्हणाला, स्टिअरिंगचा रॅक गेला. मी पैशांची जुळवाजुळव करणार, एवढ्यात वालीवच्या जुन्या मिस्त्रीची आठवण झाली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पंपाचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी फुकटातल्या गोष्टी बघू."

पहिली फुकटची गोष्ट म्हणजे हवा. पुढचा डावा टायर निम्मा बसला होता. हवा भरल्यावर स्टिअरिंग जरा हलकं झालं, पण कण्हणं तसंच. मग पंप फिरवणारा पट्टा. पावसात तळं साचलेल्या रस्त्यातून आपण गाडी काढतो, पट्टा ओला होतो, घसरतो. पण मिस्त्री म्हणाला, "पट्टा घसरला की किंचाळतो. ही कण्हतेय. हा हवेचा आवाज आहे." त्याने स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. ताज्या ताडीवर येतो तसा फेस! गाडीखाली रात्रभर पेपर अंथरायला सांगितला होता, त्यावर मात्र एक थेंब नव्हता.

इथे माझं डोकं चालेना. गळती नाही, तर हवा शिरते कुठून? त्याने समजावलं. इंजिन पट्ट्याने पंप फिरवतं, पंप दाबाने तेल रॅककडे ढकलतो आणि ते तेल आपल्या वतीने चाकं वळवतं. पंपातून पुढे जाणाऱ्या नळीत दाब असतो, ती फुटली की तेल बाहेर उडतं. पण डबीतून पंपात येणारी नळी तेल ओढणारी. तिथे फट पडली, तर तेल बाहेर येण्याआधी हवाच आत ओढली जाते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून जोर कमी आणि रडगाणं जास्त.

फट सापडली ती पंपाच्या तोंडाशी. रबराची रिंग वयाने कडक झालेली आणि नळीची क्लिप सैल. रिंग, नळी, क्लिप बदलली, डबीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत बसलो. तो बुडबुडे बघत तेल घालत राहिला. बुडबुडे थांबल्यावर स्टार्ट केली. चिडीचूप!

मी विचारलं, "मग पंप गेलाय हे ओळखायचं कधी?" म्हणाला, "हवा, पट्टा, तेल, नळ्या सगळं ठीक असूनही उभ्या गाडीत स्टिअरिंग जड आणि रेस दिली की हलकं, तेव्हा पंपाकडे बोट दाखवायचं." हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर असते, तिथे ही सगळी विद्या वाया.

निघताना त्याने सहज विचारलं, "विहिरीजवळ स्टिअरिंग पार टोकाला नेऊन कोण धरून ठेवतं? तसं धरलं की तेल पंपातल्या पंपात घुसळतं आणि तापतं. रबराचं आयुष्य तिथेच संपतं." मी म्हटलं, "मालक मस्कतला असतात." आता यात खोटं काय बोललो?

नाताळात येशील तेव्हा त्या वळणावर गाडी जरा मागे घेऊन पुन्हा वळ. स्टिअरिंग टोकाला धरून ठेवलंस, तर मी शेजारच्या सीटवर बसून सेकंद मोजणार आहे. पाचच्या पुढे गेलास तर किल्ली माझ्याकडे.

तुझाच,
म्हातारीचा केअरटेकर