कोलारच्या खाणीत डोकावताना

दिवाळीच्या सुटीत बंगलोरला धाकट्या जाऊबाईंकडे गेले होते. तिथून कोलार गोल्ड फील्ड्स पाहायचा योग आला. इथली चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहूनही खोल! तळाशी खडक साठ अंशांच्या वर तापलेला. फेब्रुवारी २००१ मध्ये खाणी बंद झाल्या, पंप थांबले अन् खाली पाणी भरलं.

एका बंद खाणीच्या तोंडावर लोखंडी जाळी होती. पुतण्याने शंभर फुटी दोरीला बॅटरी आणि छोटा कॅमेरा बांधून जाळीतून खाली सोडला. वर ओढून आम्ही चित्रं पाहिली. विटांची भिंत, नेचे, गंजलेलं लोखंड आणि पुढे नुसता काळोख.

शेजारच्या चाळीतल्या आजीही वाकून पाहत होत्या. त्या तमिळमध्ये काहीतरी पुटपुटल्या. जाऊबाईंनी सांगितलं, “म्हणतायत, तीस वर्षं यांना डबा भरून दिला. कुठं उतरत होते, ते आज पाहिलं.”

घरी परतल्यावर मी प्रथमच ह्यांना विचारलं, “अहो, कारखान्यात तुम्ही नक्की काय करता?” ह्यांनी चमकून पाहिलं. मग तासभर सांगत बसले. आमटी गार झाली, पण बाई, मी मुळीच उठले नाही!