ढोलकीचे खोड पोखरताना

जयंतीची मिरवणूक असो की भीमगीतांचा कार्यक्रम, ढोलकीवर थाप पडल्याशिवाय रंग भरत नाही. ती ढोलकी आतून पोकळ होते कशी, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आमच्या कोल्हारातील काही तरुणांनी लेथवर ढोलकीची खोडे कातण्याचे मनावर घेतले आहे. कागदपत्रांसाठी ते आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो : हत्यारे कोणती घ्यावीत?

उत्तर प्रदेशातील अमरोहा ढोलकांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आंबा, शिसव यांचे ओंडके कातले जातात. बाहेरून कातणे सोपे, परीक्षा आतून पोखरण्यात. लाकडाचे तंतू ओंडक्याच्या लांबीने धावतात. टोकाकडून पोखरताना हत्यार नेमके तंतूंच्या तोंडावर भिडते. धार बोथट असेल तर तंतू कापले न जाता उपटले जातात.

म्हणून आधी मधोमध ड्रिलने भोक पाडावे. मग नखासारखी गोलसर धार दिलेल्या गोल पटाशीने मधून काठाकडे कापत यावे, म्हणजे प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार मिळतो. खोल गेल्यावर ही पटाशी थरथरते. तेथे जाड दांड्याचा स्क्रॅपर घ्यावा आणि त्याचे टोक किंचित खाली झुकते धरावे. टेकूपासून धार जितकी दूर, तितका दांडा जाड व मूठ लांब हवी. आकडीचे हत्यार सफाईदार कापते, पण चटकन अडकते. नवशिक्याने त्याची घाई करू नये. ओबडधोबड ओंडका गोल करायची रुंद पटाशी तर आत कधीच घालू नये. मुठीत जाणारी तिची शेपटी बारीक असते, ती मोडली की तुकडा अंगावर येतो.

आता पैशांचे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. रक्कम मोजकी आहे, तेव्हा बारा हत्यारांच्या चकचकीत पेटीला भुलू नये. हायस्पीड स्टीलची दोनच हत्यारे, एक ग्राइंडर आणि तोंडावरचे फेस शील्ड, एवढ्यावर सुरुवात होते. साधे पोलाद ग्राइंडरवर तापून निळे पडले की मऊ होते. हायस्पीड स्टील तेवढ्याने मऊ पडत नाही.

घरच्या मंडळींनी, विशेषतः माता-भगिनींनी, कामाला निघालेल्या मुलाला रोज दोन प्रश्न विचारावेत : धार लावलीस का? फेस शील्ड घेतलेस का? डोळे आणि बोटे शाबूत, तरच धंदा शाबूत.