स्प्रिंगफील्डच्या टेकडीवरची गांधीलमाशी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला सुमारे १४५ किलोमीटरवर कनेक्टिकट नदीकाठी स्प्रिंगफील्ड शहर वसले आहे. बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली इथेच झाला. मात्र शहराची त्याहून जुनी ओळख म्हणजे टेकडीवरचा सरकारी बंदूक कारखाना. १७७७ साली इथे शस्त्रागार आले आणि १७९५ पासून बंदुका तयार होऊ लागल्या. १९६८ मध्ये कारखान्याला टाळे लागले. आता तिथल्या जुन्या विटांच्या इमारतीत संग्रहालय आहे.

आत शिरल्यावर बंदुकांच्या उंच, सरळ रांगा दिसतात. थॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास तयार केलेले लाकूड कातण्याचे यंत्रही इथे आहे. चावीवाला नमुन्यावरून दुसरी चावी कापतो, तसे हे यंत्र एका दस्त्याबरहुकूम दुसरा दस्ता कातत असे. एकसारख्या हजारो वस्तू बनवणे, हीच या कारखान्याची ख्याती. दुसऱ्या महायुद्धात इथल्या यंत्रांवर स्त्रियाही मोठ्या संख्येने काम करत होत्या.

पण याच टेकडीवर १९२० च्या दशकात काही जाणकारांनी हौसेखातर एक वेगळीच रायफल घडवली. टाउनसेंड व्हेलन हे लष्करी अधिकारी आणि वॉटकिन्स, वुडवर्थ ही त्यांतली प्रमुख नावे. शेताच्या आसपास फार आवाज न करता दूरचा लहान प्राणी अचूक टिपता यावा, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी १८८५ सालचे एक जुने, काळ्या दारूचे चिमुकले काडतूस निवडले आणि त्यात नवी, धूर न करणारी दारू भरली. रायफल घेतली ती कारखान्यातच बनणारी, सरावासाठीची. दाराच्या कडीसारखा तिचा बोल्ट उचलून मागे ओढायचा, काडतूस घालायचे आणि बोल्ट पुढे ढकलून बंद करायचा.

या रायफलीची पिन काडतुसाच्या कडेवर आदळत असे. नव्या काडतुसासाठी ती मध्यभागी आदळायला हवी होती. शिवाय नळीत काडतूस बसण्याची जागाही नव्या मापाने कोरावी लागली. माप केसभर चुकले, तरी धोका नेमबाजालाच!

कोणत्याही कंपनीच्या यादीत नसलेल्या अशा हौशी काडतुसाला तिकडे ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर म्हणतात. या रानमांजराचे नाव मात्र पडले ‘हॉर्नेट’, म्हणजे गांधीलमाशी. १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने ते काडतूस विकायला काढले. गंमत म्हणजे त्यासाठीची कारखानी रायफल १९३२ पर्यंत बाजारात आलीच नव्हती. किल्ली तयार, कुलपाचा पत्ता नाही! तोवर हौशी लोक कुशल कारागिरांकडून रायफली बनवून घेत. हॉर्नेट काडतूस आजही विकले जाते.

१८४३ साली कवी लाँगफेलो नवपरिणीत पत्नीसह हे शस्त्रागार पाहायला आले होते. बंदुकांच्या रांगा पाहून त्यांच्या पत्नीला ऑर्गन वाद्याच्या नळ्या आठवल्या. त्यातून लाँगफेलोंची प्रसिद्ध कविता जन्मली. युद्धावर उधळली जाणारी अर्धी संपत्ती माणसाचे अज्ञान दूर करायला वापरली, तर शस्त्रागारांची गरजच उरणार नाही, असा तिचा आशय.

कारखाना बंद झाल्यावर बेकारीच्या चिंतेने शहर हादरले होते. आज त्याच आवारात एक तंत्र महाविद्यालय चालते. बंदुकांच्या संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या पर्यटकाला वाटेत भेटतात ते पाठीवर दप्तर घेतलेले विद्यार्थी.