चांदीची बाटली

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेसिनच्या वरच्या फळीवर एक तपकिरी बाटली असायची. डिंकानं चिकटवलेल्या चिठ्ठीवर शाईनं लिहिलेलं : ‘सिल्व्हर रेसिड्यू’. क्लोराईडचं टायट्रेशन संपलं की फ्लास्कमधला गाळ त्या बाटलीत ओतायचा, हा शिरस्ता. नवा मुलगा फ्लास्क घेऊन मोरीकडे वळला की लॅबमधले मामा टेबलापलीकडून ओरडायचे, “फेकू नको रे भाऊ, चांदी शे ती!”

वर्ष संपत आलं की बाटली गळ्यापर्यंत भरायची. उजेड लागून पांढरा गाळ जांभळट-काळा झालेला असे. वरचं पाणी निथळून काढायचं, गाळात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, मग तो चारचारदा धुवायचा. जस्ताचे खडे आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल पडलं की फेस यायचा आणि हळूहळू तळाशी करडी भुकटी उरायची. ती चांदी. दिसायला राखेसारखी, त्यामुळे पाहणाऱ्याची निराशाच व्हायची. पुढचं काम व्हरांड्यात, कारण नायट्रिक आम्लात ती विरघळताना तांबूस धूर सुटे. सर बशीत द्रावण आटवत बसायचे, मामा वाऱ्याची दिशा बघून उभे राहायचे. बशीच्या कडेला सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक धरले की त्या दोघांचे चेहरे बघण्यासारखे असत. जूनमध्ये नव्या मुलांच्या ब्युरेटमध्ये तीच चांदी पुन्हा उतरायची.

ही गोष्ट १९८०च्या दशकातली, नंदुरबारच्या आमच्या कॉलेजातली. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला तालुका आणि आमचं विद्यापीठ पुण्याचं. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झालं (आता ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावानं ओळखलं जातं), आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी. अनुदान यायचं ते रखडत, रसायनांची पेटी यायची त्याहून रखडत. चांदी वाचवणं हा छंद नव्हता, वर्ष निभावण्याचा मार्ग होता.

पण त्याच फळीखालच्या मोरीत काय जात होतं, तेही सांगायला हवं. सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या दिवशी कीपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाईड सोडला जायचा आणि सडक्या अंड्यांचा वास पार ऑफिसपर्यंत पोचायचा. शिशाचा काळा गाळ, कॅडमियमचा पिवळाधमक, पाऱ्याचे क्षार, बेरियम, सगळं ओळखून झालं, जर्नलमध्ये लिहून झालं, की मोरीत. काचसामान धुवायला नारिंगी क्रोमिक आम्ल असायचं. वापरून वापरून ते हिरवं पडलं की तेही मोरीत. मोरीचं पाणी इमारतीमागच्या उघड्या गटारात आणि तिथून चिंचेखालच्या शोषखड्ड्यात. त्या नारिंगी रंगातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, हे तेव्हा प्रयोगाच्या पुस्तकात नव्हतं. प्राणिशास्त्रात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून चिरलेले बेडूक तास संपल्यावर मागच्या खड्ड्यात जायचे, फॉर्मॅलिन मोरीत. पदार्थविज्ञानात बॅरोमीटर फुटला तर मात्र सगळे गुडघे टेकून पारा गोळा करायचे. तो मलमलीतून गाळून परत बाटलीत भरला जायचा. पारा विषारी म्हणून नव्हे, महाग म्हणून.

म्हणजे नियम एकच होता. ज्याला भाव, त्याचा पुनर्वापर; ज्याला नुसतं विष, त्याला मोरी.

रोजच्या कचऱ्याला तर जवळपास सगळाच भाव होता. प्रॅक्टिकलची जर्नलं मागच्या वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे जायची. उतरवून काढायला, आणि कोरी पानं फाडून वापरायलाही. क्रमिक पुस्तकं निम्म्या किमतीत तीन-चार हातांतून फिरायची. शहाद्याच्या, तळोद्याच्या, धडगावकडच्या वसतिगृहातल्या मुलांची पदवी त्यावरच झाली. सहामाहीच्या उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या की बाजारातल्या दुकानांत पुड्या होऊन परत यायच्या. अर्धा पाव शेंगदाण्यांच्या पुडीवर वर्गातल्या कुणाचं तरी अक्षर आणि सरांनी मारलेली लाल फुली दिसली की आठवडाभर चघळायला विषय. मिरचीसाठी देशभर नाव असलेल्या आमच्या गावात पुडीचा कागद शेवटी तिखटानं लाल होऊनच संपायचा. कॅन्टीनमध्ये काचेचे ग्लास. ते फुटायचे, पण कचऱ्यात फार जायचे नाहीत, कारण चिरलेल्या ग्लासातही चहा मिळायचाच! मेसचं उरलंसुरलं म्हशीला. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला घोटीव कागदाच्या पताका, केळीचे खुंट, आंब्याचे टहाळे. पंगत पळसाच्या पत्रावळींवर. दुसऱ्या दिवशी मैदान झाडायला दोन माणसं पुरायची.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हल्ली हे सगळं सांगून झालं की कुणीतरी म्हणतंच, “आपण न कळत पर्यावरणवादी होतो.” साफ खोटं आहे. आपण कडके होतो. परिस्थिती सुधारल्याबरोबर सगळ्यांत आधी शाईचं पेन सोडून फेकून द्यायचं बॉलपेन घेतलं ते आपणच, आणि नव्वदच्या दशकात स्नेहसंमेलनाला थर्माकोलचा ताजमहाल उभारणारेही आपल्याच मागचे. तो थर्माकोल पुढे गच्चीवर पडून होता, वाऱ्यानं त्याचे दाणे वर्गावर्गांत यायचे. राज्यात त्याच्यावर बंदी आली ती २०१८च्या मार्चमध्ये.

आता त्याच आवारात गेलं की फाटकाशीच हिरवा आणि निळा डबा दिसतो. ओला आणि सुका. दोन्हींत कागदी कप असतात. हा कप दिसायला कागदाचा. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून रद्दीवाला घेत नाही आणि गांडूळही. वेफरच्या, गुटख्याच्या पाकिटांत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले की वेगळे करायला पाकिटातल्या मालापेक्षा जास्त खर्च. भंगारवाला पुठ्ठा नेतो, पाण्याच्या बाटल्या नेतो, पाकिटांकडे ढुंकूनही पाहत नाही. २०१६च्या घनकचरा नियमांत दिवसाला शंभर किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक म्हटलं होतं, आणि त्या व्याख्येत कॉलेजं, वसतिगृहं नाव घेऊन होती. निवडून देण्याची जबाबदारी त्यांची. त्यात नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. नॅकच्या सातव्या निकषात घनकचरा, सांडपाणी, जैववैद्यकीय, ई-कचरा, घातक रसायनं, अगदी किरणोत्सारी कचऱ्याचं काय करता हेसुद्धा विचारतात. त्यामुळे गांडूळखताचा हौद सगळीकडे बांधला गेला. समिती येऊन गेल्यावर त्यात गांडुळं आहेत का, हे विचारायची पद्धत नाही.

प्रयोगशाळेत मात्र खरंच फरक पडलाय, आणि तो मान्य न करणं हा म्हातारपणाचा हट्ट होईल. परीक्षानळीभर रसायनाऐवजी थेंबांत काम चालतं. जड धातूंच्या गाळाला वेगळा कॅन, कार्बनी द्रावकांना वेगळा. २०१४ साली यूजीसीनं विच्छेदन थांबवायला सांगितलं, तेव्हापासून बेडूक पडद्यावर चिरला जातो. मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅडची सोय हा विषय बैठकीत उघडपणे येतो. आमच्या काळी वर्गात मुलीच चार, आणि तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथली एमबीबीएसची मुलं आजार शिकता शिकता रंग शिकतात : रक्तानं माखलेला कापूस पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. लालमधलं प्लास्टिक वाफेनं निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन पुन्हा वापरात जातं. देशात हे नियम प्रथम १९९८ मध्ये आले, जिल्ह्याच्याच वयाचे म्हणायचे. आमच्या काळच्या दवाखान्यात काचेची सिरिंज उकळत असायची आणि पट्ट्या मागच्या उकिरड्यात.

अडलंय ते जिन्याखालच्या खोलीत. कॉलेजं कुठलीही घ्या, ही खोली सारखीच. १९९०च्या दशकाअखेरचे पाठीत पोक आलेले मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, फुगलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस, ट्यूबलाईटचा भारा. मॉनिटरच्या काचेत शिसं आहे, ट्यूबमध्ये पारा आहे. म्हणजे मोरीतून गेलेलं सगळं या खोलीत परत आलंय. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात डेडस्टॉक नंबर. वस्तू बंद पडून पंधरा वर्षं झाली तरी रजिस्टरात ती जिवंत असते. तिचं निर्लेखन व्हायला समिती लागते, समितीला ठराव लागतो, आणि मधल्या काळात बदलून गेलेल्या विभागप्रमुखाची सही लागते.

ते जमलं तरी द्यायचं कुणाला? भंगारवाला तांब्याच्या वायरीसाठी रोख पैसे देतो, काच तिथंच फोडून जातो. सर्किट बोर्डात सोनंही असतं, पण गुंजभर. ते काढायला गल्लीबोळात आम्लाची भांडी मांडणारे आहेत. व्हरांड्यात मामा आणि सर जे करत होते, त्याचाच हा वाढलेला आणि कितीतरी विषारी धंदा. तो बेकायदा आहे आणि असायलाच हवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्वापराचा भार वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलाय, आणि मोठ्या ग्राहकानं माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकर्ता किंवा पुनर्वापरकर्ता यांनाच द्यायचा आहे. भाव नसलेल्या गोष्टीला कायद्यानं भाव लावण्याचा हा प्रयत्न मला पटतो. पण कारखाने मोठ्या शहरांच्या आसपास. घातक रसायनांचे कॅन न्यायचे तर तळोजा किंवा रांजणगाव, नंदुरबारपासून शेकडो किलोमीटर. एका कॉलेजचे आठ मॉनिटर आणि पाच कॅन यांच्यासाठी गाडी कोण पाठवणार? अनुदानात त्या भाड्याचं शीर्ष नाही. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी वर्षातून एकदा मिळून माल काढला तर गाडी भरते. त्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, एकानं पुढाकार घ्यावा लागतो.

तेव्हा आमच्या बॅचच्या आणि पुढच्या सगळ्या बॅचच्या लोकांना एक विनंती. येत्या मेळाव्याला कॉलेजला नवा संगणक भेट देऊ नका. जुन्यांच्या निर्लेखनाचा पाठपुरावा करा, आणि त्यांना नोंदणीकृत कारखान्यापर्यंत पोचवणाऱ्या टेम्पोचं भाडं द्या. पावती मागून घ्या, नॅकलाही लागते.