जागचा न हलणारा ठिपका

रविवारी सकाळी प्रयोगाचं निर्वात चेंबर गार होत होतं. पोलादाला चिकटलेला पाण्याचा अंश निघून जावा म्हणून दोन दिवस त्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून सव्वाशे अंशांवर तापवलं होतं. बाकीचे याला बेकिंग म्हणतात, मी मनात भाजणं म्हणते. फॉइल सोडताना दरवेळी रताळी आठवतात.

आत सोन्याचा एकच स्फटिक, द्रावणात वाढवलेला, केसाच्या जाडीहून अरुंद पापुद्रा. त्यावर आयनांच्या झोताने कोरलेली गोल खाच. लेझरचा स्पंद खाचेवर पडला की पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन हिंदकळतात आणि लाट आत धावते. 800 नॅनोमीटरच्या प्रकाशाला सोन्यावर साधारण 780 नॅनोमीटरची लाट. ती दिसावी कशी? तर सोन्यातून उडालेले इलेक्ट्रॉन भिंगांनी गोळा करून पडद्यावर आणायचे. या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच ऊर्जा असते, आणि सोन्यातून इलेक्ट्रॉन सोडवायला पाचेक लागतात. म्हणजे चौघांनी एकदम हात लावल्याशिवाय काम होत नाही. त्यामुळे प्रकाशाची तीव्रता दुप्पट झाली की इलेक्ट्रॉन सोळापट!

या सोळापटीनेच मला फसवलं. खाचेच्या काठाशी एक ठिपका असा लखलखत होता की तीन आठवडे मी त्याचीच चित्रं घेतली, बैठकीत दाखवली, लाट इथे एकवटते असं ठासून सांगितलं. खाच कोरताना उडालेला सोन्याचा कण काठावर येऊन बसला होता, एवढंच. वरिष्ठ तेव्हा काही बोलले नाहीत, नंतर चहा घेता घेता म्हणाले, "डिले फिरवून पाहिलंस का?"

नव्हता फिरवला. पिट्सबर्गमध्ये ह्र्वोये पेटेक यांच्या गटाने डिले फिरवून घेतलेलं चांदीवरच्या लाटांचं चलतचित्र 2005 मध्येच प्रसिद्ध केलं होतं. मी ते वाचलंही होतं. डिले फिरवणं म्हणजे एकाच स्पंदाचे दोन भाग करायचे आणि एकाची वाट लांबवत न्यायची. आरसा 50 नॅनोमीटर मागे घेतला की वाट 100 नॅनोमीटरने वाढते, म्हणजे दुसरा स्पंद फेम्टोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने उशिरा पोचतो.

त्या रविवारी चेंबर हाताला कोमट लागेपर्यंत थांबले, मग दिवे मालवून एकेक पाऊल आरसा सरकवत बसले. खाचेकडून निघालेल्या कमानी फिकट, जेमतेम दिसणाऱ्या, पण प्रत्येक चित्रागणिक मधल्या बिंदूकडे सरकत होत्या. ठिपका उजळायचा, मंदावायचा, पुन्हा उजळायचा. जागचा मात्र हलेना.