एका डबीची किंमत किती?

बालमित्रांनो, घरातला टीव्हीचा रिमोट घ्या. सेलचं झाकण काढा आणि ते आतल्या बाजूनं नीट पाहा. बहुतेक तुम्हाला तिथे छोटे छोटे गोल ठसे दिसतील. ते ठसे कशाचे, हे तुमच्या या सरांनाही ठाऊक नव्हतं बरं का! ते मला कळलं आमच्या सातवीतल्या एका मुलीमुळे. त्यासाठी आम्हाला एसटीनं प्रवास करावा लागला.

त्याचं असं झालं. आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. इथे पाण्याचं मोल कुणाला शिकवावं लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळाच्या आठवणी घराघरांत अजून निघतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं तर आमच्या मुलांना नवीन नाही. पण शाळेची टाकी भरली की मोटार बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. पाणी धो धो वाहून जाई.

या मुलीनं त्यावर एक छोटं यंत्र तयार केलं. टाकीच्या तोंडाशी दोन तारा सोडल्या. पाणी वर येऊन दोन्ही तारांना टेकलं, की पाण्यातून अगदी थोडी वीज वाहते. तेवढ्या विजेनं एक ट्रान्झिस्टर जागा होतो आणि बझर वाजतो. नऊ व्होल्टची बॅटरी, बझर आणि थोडे सुटे भाग, बस्स! हे सगळं तिनं एका साबणाच्या डबीत बसवलं. बझर वाजायला लागला आणि गावातल्या बारा घरांनी तिच्याकडे तसंच यंत्र मागितलं.

पण जूनचा पहिला पाऊस आला आणि डबीत पाणी शिरलं. मुंग्या तर आधीच शिरल्या होत्या. बझर गप्प झाला. त्या दिवशी टाकी दोन तास वाहत राहिली. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, यंत्र चांगलं होतं. डबीनं घात केला."

"मग चांगली डबी करून आणू," मी म्हणालो. बोललो खरा, पण कुठून आणि कितीला, हे मला कुठे माहीत होतं!

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी, ती आणि तिचे वडील असे तिघे जालन्याहून एसटीनं निघालो. जालना हे लोखंडाचं गाव. भंगारानं भरलेले ट्रक इथल्या कारखान्यांत जातात. भंगार भट्टीत वितळतं आणि त्याच्या सळ्या होऊन बाहेर पडतात. बदनापूर मागे पडलं, करमाड गेलं, शेंद्र्याच्या मोठमोठ्या कंपन्या दिसल्या आणि मग चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली. इथेच 'इंडो-जर्मन टूल रूम' ही संस्था आहे. साचे आणि हत्यारं कशी घडवायची, याचं शिक्षण तिथे मिळतं. आम्हाला मात्र जवळच्या एका लहान कारखान्यात जायचं होतं. तिथले काका आमच्या ओळखीच्या ओळखीतले.

आत गेलो तर एक लांबलचक यंत्र फुसफुसत होतं. वरच्या नरसाळ्यात प्लास्टिकचा दाणा ओतलेला होता, ज्वारीच्या दाण्यासारखा. दाणा तापलेल्या नळीत जातो. आतला मोठा स्क्रू त्याला फिरवत पुढे ढकलतो. एबीएस नावाचं प्लास्टिक असेल, तर उष्णता २०० अंशांच्या वर! वितळलेलं प्लास्टिक जोरानं पोलादी साच्यात घुसतं. साच्याच्या पोटातून थंड पाणी फिरत असतं, त्यामुळे ते लगेच घट्ट होतं. मग साचा उघडतो आणि आतल्या पोलादी काड्या वस्तूला मागून ढकलतात. टप्प! वस्तू खाली. मी घड्याळ लावलं, तर एका वस्तूला फक्त तीस सेकंद लागले.

"रिमोटवरचे गोल ठसे या काड्यांचेच," काका म्हणाले. "आणि बादली वर रुंद, खाली अरुंद का असते? साच्यातून अलगद सुटावी म्हणून. डबीच्या भिंतीलाही थोडा उतार द्यावाच लागतो."

तिच्या वडिलांनी मुद्द्याला हात घातला. "अशी एक डबी करायला किती लागतील?"

"झाकण धरून, दोन लाख."

आम्ही तिघंही गप्प. मुलगी हळूच म्हणाली, "काका, मला सोन्याची नाही, प्लास्टिकची पाहिजे."

काका खळखळून हसले. मग त्यांनी खडूनं फरशीवरच हिशेब मांडला. प्लास्टिक लागतं ४० ग्रॅम. दाणा, वीज, मजुरी मिळून एका डबीला साधारण १५ रुपये. महाग आहे तो साचा! कडक पोलादाचा ठोकळा संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं कोरायचा. जिथे हत्यार पोहोचत नाही, तिथे विजेच्या ठिणग्या पाडून पोलाद कणाकणानं झिजवायचं. कामाला कित्येक आठवडे लागतात. केसाएवढी चूक झाली, तरी झाकण बसत नाही.

आता हिशेब पाहा. एकच डबी केली, तर साच्याचे दोन लाख त्या एकटीच्या डोक्यावर. किंमत २,००,०१५ रुपये! शंभर केल्या, तर प्रत्येकी २,०१५. हजार केल्या, तर २१५. दहा हजार केल्या, तर फक्त ३५. आणि लाखभर केल्या, तर १७ रुपये! डबी तीच, प्लास्टिक तेच. वाटेकरी वाढले, की साच्याचा भार हलका होतो. गावजेवणाचा खर्च घरटी वर्गणीत वाटला जातो, तसंच हे.

"पण मला बाराच पाहिजेत," मुलगी म्हणाली.

तिथून काकांनी आम्हाला शेजारच्या गल्लीत नेलं. तिथे एक थ्री-डी प्रिंटर होता. प्लास्टिकचा बारीक धागा वितळवून तो थरावर थर चढवतो, जिलेबीवाला वेटोळं काढतो तसा. इथे साचाच लागत नाही! पण एका डबीला पाच तास, आणि ग्रॅमला ८ रुपयांप्रमाणे ४० ग्रॅमचे ३२०. बारांचे झाले ३,८४०. शिवाय तिथल्या दादानं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्याच्याकडचा धागा पीएलए नावाच्या प्लास्टिकचा. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात आमच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा, म्हणजे त्या डबीचं काय होईल ते कळेल!

तिसरा मार्ग सर्वांत साधा निघाला. विजेच्या सामानाच्या दुकानात एबीएसच्या तयार डब्या मिळतात. झाकणाखाली रबराची कड असते. डबीवर 'आयपी ६५' असं लिहिलेलं होतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसते. डबी ९० रुपयांना आणि तार घट्ट धरून ठेवणारी रबरी कडीची चकती १५ रुपयांना. एकूण १०५. बारांचे १,२६०. तिच्या वडिलांनी बारा घरांतून गोळा केलेले पैसे मोजून दिले. एसटीच्या तिकिटांचे पैसे सोडून खिशात ४० रुपये उरले.

रविवारी शाळेत आम्ही ड्रिल घेऊन बसलो. पहिली डबी माझ्याच हातून तडकली. मी घाई केली. नव्वद रुपये गेले! ते अर्थात मी भरले आणि बदली डबी जालन्यातून आणली. बाकीच्या अकरा मुलीनं स्वतः केल्या. आधी बारीक छिद्र, मग हळूहळू मोठं. छिद्र पाडलं की ६५ या आकड्याची हमी संपते, म्हणून तार रबरी कडीतूनच आत घेतली. बझरचा आवाज बाहेर यावा म्हणून लागणारी छिद्रं तिनं डबीच्या खालच्या अंगाला पाडली. पाऊस काही खालून वर पडत नाही!

मुलांनो, आता एक गणित तुमच्यासाठी. साचा दोन लाखांचा आणि प्रत्येक डबी १५ रुपयांची. प्रिंटरवर प्रत्येक डबी ३२० रुपयांची. किती डब्यांनंतर साचा स्वस्त पडेल? आमच्या वर्गाचं उत्तर साडेसहाशेच्या थोडं पुढे आलं. तुम्ही करून पाहा.

यंदाचा पावसाळा त्या डब्यांनी काढला. शाळेची टाकी भरली की बझर ओरडतो आणि मोटारीकडे पळण्यासाठी वर्गात शर्यत लागते. परवा ती मुलगी वही घेऊन आली. वहीत तिनं डबीचं चित्र काढलं होतं, भिंतींना उतारासकट. मला म्हणाली, "सर, त्या टूल रूममध्ये शिकायचं तर दहावीला किती मार्क लागतात?"

पुढच्या खेपेला चिकलठाण्याला जाईन, तेव्हा विचारून येणार आहे.