साथ

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, ज्यांच्या पोटात परस्परविरोधी भासणारे अर्थ सुखाने नांदत असतात. 'साथ' हा त्यांपैकीच एक. अडचणीत मित्र देतो ती साथ, गायकाला पेटीवाला नि तबलजी करतात तीही साथ, आणि गावात पटकी, देवी किंवा ताप पसरतो तीसुद्धा साथच! वर्गात हा शब्द आला म्हणजे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "बाई, तारणाऱ्या आणि मारणाऱ्या गोष्टीला एकच नाव कसे?" जे पुष्कळांच्या सोबतीने चालते ती साथ, हे त्याचे शब्दार्थापुरते उत्तर झाले. इतिहासाने दिलेले उत्तर याहून खोल आहे. इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे ज्याला आपण सुटसुटीतपणे 'फ्लू' म्हणतो त्या तापाच्या निमित्ताने ते येथे सांगावे असे मनात आहे. मी शास्त्राची नव्हे, भाषा आणि इतिहास यांची शिक्षिका. परंतु या रोगाची कथा निम्मी शास्त्राची असली, तर निम्मी इतिहासाची आहे.

आमच्या कोकणीत तापाला 'जोर' म्हणतात. 'ताका जोर आयला' असे गोव्यातल्या माणसाने म्हटले, तर घाटावरच्या पाहुण्याला वाटावे की, रोग्याच्या अंगात शक्ती आली! ज्याने फ्लू भोगला आहे त्याला मात्र या शब्दाची यथार्थता पटेल, कारण त्या तापात अंगातला सारा जोर नाहीसा होतो आणि तापाचाच काय तो उरतो. साधे पडसे पावले न वाजविता येते, दोन दिवस नाक वाहते आणि निघून जाते. फ्लू येतो तो दार ढकलून. सकाळी मैदानावर धावणारा मुलगा संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. ताप १०२-१०३ अंशांवर चढतो, डोके फुटू लागते, हाडे ठणकतात, कोरडा खोकला छाती पिळून काढतो. संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत ही लक्षणे दिसतात. आणि मुख्य गोष्ट ही की, ती दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो मनुष्य नकळत इतरांना रोग देत असतो. या रोगाची सारी धूर्तता त्या एका दिवसात आहे.

'इन्फ्लुएंझा' हा मूळ इटालियन शब्द असून त्याचा अर्थ 'प्रभाव' असा आहे. ग्रहताऱ्यांच्या प्रभावामुळे ही पीडा येते अशी त्या काळची समजूत होती. १८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने एका जीवाणूला याचा कर्ता ठरविले, परंतु तो तर्क पुढे चुकीचा निघाला. खरा अपराधी सापडला १९३३ साली, लंडनमध्ये. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी रोग्याच्या घशातील स्राव गाळून तो फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातला, आणि त्या प्राण्यालाही फ्लू झाला. ज्या गाळणीतून जीवाणू पार होऊ शकत नाहीत तिच्यातून जे पार झाले, तो होता विषाणू. याच संशोधनाच्या काळात एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि संशोधकच अंथरुणाला खिळला, अशीही गोष्ट सांगतात. ज्ञानाची किंमत कधी कधी अशीही मोजावी लागते!

हा विषाणू म्हणजे एक अट्टल बहुरूपीच. त्याच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिने असतात. हिमॅग्लुटिनिन हे आपल्या पेशीचे दार उघडणारी जणू किल्ली, तर न्यूरामिनिडेझ हे आत निर्माण झालेल्या नव्या विषाणूंना बाहेर पडण्याची वाट मोकळी करून देणारे हत्यार. 'एच१एन१' यांसारख्या नावांतील 'एच' आणि 'एन' ही अक्षरे त्यांचीच. आपले शरीर एकदा झालेला रोग ध्यानात ठेवते, पण ते ओळखते या प्रथिनांच्या रूपावरून. दरवर्षी विषाणूचे रूप थोडेथोडे पालटते. दशावतारातल्या नटाने केवळ उपरणे बदलावे तसे ते होय. म्हणूनच फ्लू पुन्हा पुन्हा होऊ शकतो आणि त्याची लसही दरवर्षी नव्याने घडवावी लागते. परंतु क्वचित याहून भयंकर प्रकार घडतो. या विषाणूचा वारसा आठ निरनिराळ्या तुकड्यांत साठविलेला असतो. पाणपक्ष्यांचा एक विषाणू आणि माणसाचा दुसरा असे दोन विषाणू डुकरासारख्या प्राण्याच्या एकाच पेशीत गाठ पडले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावे तसे हे तुकडे मिसळतात आणि जगात कोणाच्याही शरीराने कधी न पाहिलेले पात्र रंगभूमीवर अवतरते. ते माणसाकडून माणसाकडे सहज जाऊ लागले, की महासाथ उद्भवते.

अशा महासाथींत सर्वांत दारुण ठरली ती १९१८ सालची. तिला 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात, पण तिच्या उगमाशी स्पेनचा संबंध सिद्ध झालेला नाही. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांनी आपल्या वृत्तपत्रांची तोंडे बांधली होती. तटस्थ स्पेनमध्ये मात्र बातम्या मोकळेपणाने छापल्या जात आणि खुद्द राजा तेरावा अल्फान्सो आजारी पडल्याने त्या जगभर पोहोचल्या. खरे बोलणाऱ्याच्या माथी दोष यावा, तसे हे झाले. मुंबईत १० जून १९१८ रोजी गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, ती तिथल्या साथीची सुरुवात. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी त्या शहरात ७६८ माणसे मरण पावली. पाठोपाठ रेल्वेच्या रुळांवरून ताप गावोगाव पोहोचला. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी त्याला 'मानमोडी' हे नाव दिले. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, तेव्हा रोग आणि उपासमार हातात हात घालून आली. हिंदुस्थानात सुमारे १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे. जगातील बळींची संख्या ५ कोटी किंवा त्याहून अधिक असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेच्या इतिहासातील एकमेव दशक, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

या आकड्यांतही एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. मुंबईतील युरोपियन लोकांत त्या साथीचा मृत्युदर हजारी आठच्या आसपास होता, तर ज्यांना समाजाने अस्पृश्य मानून अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत लोटले होते त्यांच्यात तो हजारी ६१ हून अधिक होता. विषाणू जात ओळखत नाही, परंतु खिडकी नसलेली खोली, रिकामे पोट आणि दूर राहिलेला डॉक्टर यांची वाटणी जातीने आणि पैशाने झालेली होती. आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. स्वतः तापाने फणफणत असताना घरच्या आजाऱ्यांची शुश्रूषा त्याच करीत होत्या, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेली त्या काळची एक हकीकत सांगत असे. मुंबईला नोकरीस असलेला घरचा एक पुरुष तापातच गावी परतला आणि चार दिवसांत सारे घर आडवे झाले. चूल पेटविणारे कोणी उरले नाही. शेजारच्या वृद्ध बाईने त्या घरात पाऊल टाकले नाही. तिच्या स्वतःच्या घरी तान्ही नातवंडे होती. परंतु रोज सकाळी पेजेचे एक बुडकुले आणि मिठाचा खडा ती त्यांच्या पायरीवर ठेवी, बाहेरूनच हाक मारी आणि आतून उत्तर आल्यावाचून परत जात नसे. ना ती विषाणूविषयी काही जाणत होती, ना तिने कोणते पुस्तक वाचले होते. तरीही दूर राहणे आणि दुरावणे या दोहोंतील अंतर तिला अचूक कळले होते. साथीच्या रोगात माणसाने माणसाशी कसे वागावे, याचा याहून चांगला धडा मला कोठे मिळालेला नाही.

दूर राहण्याचे मोल किती असते, हे पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांनी जगाला दाखविले. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेले 'टालुने' नावाचे जहाज पश्चिम सामोआच्या बंदराला लागले. त्यावरील आजारी उतारूंना किनाऱ्यावर उतरू देण्यात आले, आणि थोड्याच आठवड्यांत तेथील सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. शेजारच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नरने बाहेरच्या जहाजांवर कडक निर्बंध घातले होते. तेथे या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. तेच वारे, तोच समुद्र, पण एका बेटावर दार वेळीच लावले गेले होते.

त्यानंतरही महासाथी आल्या. मे १९५७मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजाबरोबर 'एशियन फ्लू' आपल्या देशात शिरला आणि फेब्रुवारी १९५८पर्यंत ४४ लाखांहून अधिक रोग्यांची नोंद झाली. नोंदलेले मृत्यू मात्र १,०९८ होते. १९६८ साली 'हाँगकाँग फ्लू' आला. २००९मध्ये 'स्वाइन फ्लू'ने डोके वर काढले. त्या वर्षी ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला भारतातील पहिला बळी गेला तो पुण्यातील एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. म्हणजे या पानांवर नजर फिरविणाऱ्या अनेकींच्याच वयाची ती होती. नावात 'स्वाइन' असले, तरी नीट शिजविलेले डुकराचे मांस खाल्ल्याने तो होत नाही, हेही सांगून ठेवते. २०२० साली ज्याने आपल्याला घरात कोंडले तो कोरोना वेगळ्या कुळातला विषाणू. एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही.

आता उपायांविषयी. फ्लू पसरतो तो खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून, आणि असे तुषार लागलेले हात नाका-डोळ्यांना लावल्याने. तेव्हा खोकताना तोंडापुढे हाताचा कोपरा किंवा रुमाल धरावा, साबणाने हात चोळून धुवावेत. पावसाची झड येते म्हणून आपण वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतो आणि आपल्या भागात हा ताप अधिक पसरतो तोही पावसाळ्यातच. वाऱ्याच्या उलट दिशेची एक तरी खिडकी उघडी ठेवावी. लस घेतल्यावर संरक्षण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती साथ दारी येण्यापूर्वीच घ्यावी. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. वृद्ध, गर्भवती, पाच वर्षांखालील बालके, तसेच दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेले यांनी याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

रोग झालाच, तर बहुतेकांना विश्रांती, भरपूर पाणी, पेज आणि तापापुरते पॅरासिटामॉल एवढे पुरते. मुलांना अॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून मेंदू व यकृत यांचा गंभीर विकार संभवतो. अँटिबायोटिक औषधे जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मागून आणून घेणे हा शहाणपणा नाही. मात्र फ्लूच्या पाठीवर जीवाणूंचा न्यूमोनिया आला, तर तीच औषधे जीव वाचवितात. १९१८च्या अनेक रोग्यांना अशा न्यूमोनियाने नेले, आणि त्या काळी ही औषधे नव्हती. विषाणूवर चालणारे ओसेल्टामिविर हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचे असते आणि लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा गुण अधिक येतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भ्रम होणे, मुलाने पाणीसुद्धा न घेणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा जोराने चढणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे.

शेवटी एक गोष्ट मुलांच्या आणि पालकांच्या कानी घालावयाची आहे. पूर्वी मी ज्या शाळेत होते तेथे वर्षभर एकही खाडा न करणाऱ्यास स्नेहसंमेलनात बक्षीस मिळे. हेतू चांगलाच होता. परंतु एका पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी डोळे लाल, अंग तापलेले अशा स्थितीत बाकावर येऊन बसली. घरी जा म्हटले, तर रडू लागली. तिला बक्षीस चुकवायचे नव्हते. त्या आठवड्यात तिच्या मागचे-पुढचे बाक एकेक करून रिकामे झाले. त्यांतल्या एकीची आजी पुढे पंधरा दिवस इस्पितळात होती. त्या मुलीला मी दोष देत नाही. आम्ही मोठ्यांनी ज्याला सद्गुण म्हणून हार घातला, तेच तिने केले. पण मला वाटते, हजेरीचे बक्षीस द्यावयाचे तर आजारपणाची रजा वगळूनच ते मोजावे, आणि आजारी मुलाला शाळेत धाडण्यात कर्तव्यदक्षता नाही हे पालकांनीही मनाशी धरावे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, अंगात ताप असेल त्या दिवशी घरी राहा आणि औषधाशिवाय ताप उतरून पुरते चोवीस तास होईपर्यंत शाळेत येऊ नका. तुमचा बुडालेला धडा मी पुन्हा शिकवीन. तो माझा धर्मच आहे. आणि जे वर्गात असतील त्यांनी आपल्या मित्राच्या रिकाम्या बाकाकडे पाहून त्याची वही लिहून ठेवावी, ती त्याच्या घराच्या पायरीवर नेऊन द्यावी आणि बाहेरूनच त्याला हाक मारावी. एक साथ तोडावयाची असेल, तर दुसरी द्यावी लागते.